नवरा-नवरीला खाली येऊ द्या

पुणे शहरातल्या मंगल कार्यालयांच्या आणि लॉनच्या मालक-चालकांस,



हे पत्र तुमच्या हॉलमधल्या स्टेजबद्दल आहे. मखमली कोच, मागे फुलांची भिंत, समोर फोटोग्राफरचे दिवे, एका बाजूने चढायचं आणि दुसऱ्या बाजूने उतरायचं, तो चौथरा. पुण्यातलं रिसेप्शन आज सगळं या चौथऱ्याभोवती बांधलेलं आहे. खुर्च्यांची तोंडं त्याच्याकडे, रांग त्याच्याकडे, सजावटीचा मोठा खर्च त्याच्यावर. माझं म्हणणं एकच आहे. स्वागत समारंभात पाहुण्यांनी बसावं आणि नवरा-नवरीने फिरावं. आज नेमकं उलटं चालतं, आणि म्हणून ज्यांच्या नावाने हा समारंभ होतो त्यांनाच तो नंतर आठवत नाही. हे जोडप्यांना किंवा त्यांच्या आई-वडिलांना न लिहिता तुम्हाला लिहिण्याचं कारण असं, की आई-वडील आयुष्यात एकदा, फार तर दोनदा कार्यालय घेतात. ते हॉल जसा दाखवला जाईल तसा घेतात. स्टेज कुठे, किती उंच, टेबलं किती, जेवण कधी सुरू आणि कधी बंद, हे वर्षानुवर्षं तुम्ही ठरवत आला आहात.

आधी साधा हिशेब मांडू. पत्रिकेवर ‘सायंकाळी ७ ते १०’ छापलेलं असतं. लॉनवर दहाची वेळ पुढे ढकलता येत नाही, कारण ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपकांना मनाई केली आहे. सहाशे पाहुणे धरू. चार-चार जणांचं एक कुटुंब धरलं तर दीडशे कुटुंबं होतात. तीन तासांचे सेकंद १०,८००. म्हणजे एका कुटुंबाच्या वाट्याला ७२ सेकंद, तेही नवरा-नवरी सातच्या ठोक्याला उभे राहिले आणि मध्ये एकदाही टेकले नाहीत तर. मेकअप आणि साडी बदलण्यात अर्धा तास गेला की उरतात ६० सेकंद. या साठ सेकंदांत पाहुण्यांनी पायऱ्या चढायच्या, पाकीट नवरीच्या हातात द्यायचं, तिने ते मागे उभ्या असलेल्या बहिणीच्या पिशवीत टाकायचं, वाकून नमस्कार करायचा. “ओळखलंस का?” असा प्रश्न येतो. नवरा आईकडे बघतो, आई म्हणते, “अरे, हे सातारचे काका.” तेवढ्यात फोटोग्राफर काकूंना आत सरकवतो, इकडे बघा म्हणतो, एक अजून म्हणतो, आणि काकू उतरायला लागतात. बोलणं असं दहा सेकंदही होत नाही. काका सातारहून आले, किंवा हडपसरहून संध्याकाळच्या गर्दीत तास-सव्वा तास काढून डीपी रस्त्यावरच्या लॉनवर पोचले, तरी त्यांच्या पदरात पडतं ते एवढंच. आणि हेच दीडशे वेळा होतं.

यात नवरीची अवस्था वेगळी सांगायला हवी. लग्न सकाळचं असेल तर ती पहाटे पाचला उठलेली असते. पुण्याहवाचन, गौरीहराची पूजा, मुहूर्त, कन्यादान, सप्तपदी, दुपारचे फोटो, मग पुन्हा केस आणि शालू. सात वाजता स्टेजवर येते तेव्हा तिचे चौदा तास उलटलेले असतात आणि पुढचे तीन तास उंच टाचांवर उभं राहायचं असतं. तिच्यासमोरून त्या रात्री तिच्या नव्या घराची सगळी नाती जातात, ज्यांची नावं तिला पुढच्या दिवाळीत घ्यायची आहेत. ती लक्षात ठेवण्याची तिची मनापासून इच्छा असते. पण तिला ती संधी आपण देत नाही.

आठवण राहत नाही याचं खापर थकव्यावर फोडून भागणार नाही. एकसारख्या गोष्टी पाठोपाठ घडल्या की त्या मनात एकमेकींत मिसळतात, त्यांची सुटी ओळख उरत नाही. दीडशे नमस्कारांचा एक नमस्कार होतो. दुसरं कारण अधिक सूक्ष्म आहे. जॉर्जिया नायग्रो आणि उल्रिक नाइसर या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ साली दाखवलं, की काही आठवणी माणसाला स्वतःच्या डोळ्यांतून दिसतात आणि काही बाहेरून, जणू दुसरं कोणी आपल्याकडे बघतं आहे अशा. आपण कसे दिसतो याचं भान ज्या प्रसंगात तीव्र असतं, त्या प्रसंगाची आठवण बाहेरून दिसण्याची शक्यता जास्त असते. दिव्यांच्या झोतात, उंचावर, कॅमेऱ्यासमोर तीन तास उभं राहणं हा या भानाचा कळस आहे. त्यामुळे जोडप्याला आठवतं ते स्वतःचं चित्र, समोरची माणसं नव्हेत. काही महिन्यांनी अल्बम हाती आला की ते चित्र पक्कं होतं आणि पुढे आठवण म्हणून अल्बमच सांगितला जातो. फोटो आहेत, मग आठवणीची काळजी कशाला, असं कोणी म्हणेल. फेअरफिल्ड विद्यापीठातल्या लिंडा हेंकेल यांचा संग्रहालयातला प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. ज्या वस्तूंचे फोटो काढले त्या, नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा, दुसऱ्या दिवशी लोकांना कमी आठवल्या. हा प्रयोग फोटो काढणाऱ्यांवर होता, फोटोत उभ्या राहणाऱ्यांवर नव्हे, हे मान्य करायला हवं. तो लागू पडतो खाली मोबाइल उंचावून उभ्या असलेल्या पाहुण्यांना. म्हणजे वरचे स्वतःला बाहेरून बघतात आणि खालचे त्यांना पडद्यातून. एकमेकांकडे थेट बघायचं राहूनच जातं.

स्टेज ही आपली परंपरा आहे, असा आक्षेप पहिला येईल. पण ती परंपरा नाही. जुन्या पुण्यात स्वागताची रीत होती पानसुपारी. पाहुणे येऊन बैठकीवर बसत. यजमान आणि घरची माणसं गुलाबदाणी, अत्तरदाणी, विड्यांचं तबक घेऊन त्यांच्यापाशी जात. मनगटाला अत्तर लावायचं तर समोर वाकावं लागतं, हात हातात घ्यावा लागतो, आणि त्या क्षणी नाव घेऊन विचारपूस होतेच. लग्नातली पंगतही याच वळणाची. पाहुणे पाटावर बसलेले आणि यजमान जिलेबी, मठ्ठा, मसालेभाताचा आग्रह करत ओळींमधून फिरणारे. नवरा-नवरीला पंगतीत आणून त्यांच्या हातून गोड वाढायला लावायचं, हा आग्रहाचाच भाग होता. विहिणीच्या पंगतीत तर सगळी व्यवस्था माणसं एकमेकांना कळावीत यासाठीच. रांगोळ्या, महिरपी, उखाणे, घास भरवणं, गाणी. मानपानाच्या ज्या जाचक गोष्टी त्या पंगतीला चिकटल्या होत्या त्या गेल्या ते उत्तमच झालं, त्या परत आणा असं कोणीही म्हणणार नाही. विषम रिवाजांबरोबर एक शहाणी रीतही वाहून गेली, ती मात्र परत आणण्याजोगी आहे. मान देणारा उठून जातो, मान घेणारा बसून असतो, ही ती रीत. आजच्या रिसेप्शनमध्ये मान घेणाऱ्यालाच रांग लावावी लागते. हे आदरातिथ्याच्या मराठी समजुतीशी जुळत नाही.

रीत बदलता येते, आणि ठरवून बदलता येते, याचा पुरावा शोधायला या शहराबाहेर जावं लागत नाही. २४ सप्टेंबर १८७३ रोजी जोतीराव फुल्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापला आणि तीनच महिन्यांनी, २५ डिसेंबरला, सावित्रीबाईंच्या पुढाकाराने पहिलं सत्यशोधक लग्न इथेच लागलं. पुरोहिताशिवाय आणि अगदी थोड्या खर्चात. पुढे १८८७ साली जोतीरावांनी मंगलाष्टकांसह पूजाविधीचं पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यातल्या मंगलाष्टकांत वधू आणि वर एकमेकांशी बोलतात. ती आपले हक्क मागते, तो त्यांचं वचन देतो. ज्यांचं लग्न आहे त्यांनी त्यात नुसतं उभं न राहता भाग घ्यावा, ही कल्पना या शहरात दीडशे वर्षांपूर्वी प्रत्यक्षात आलेली आहे. मी मागतो आहे ते त्या मानाने फारच छोटं आहे. आणि सक्तीने झालेला बदलही तुम्ही अनुभवला आहे. कोरोनाच्या साथीत, २०२० मध्ये, लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली. एप्रिल २०२१ च्या राज्याच्या आदेशाने तर पंचवीस माणसं आणि दोन तास, एकाच हॉलमध्ये, नाहीतर पन्नास हजार रुपये दंड, इथवर गोष्ट गेली. तुमच्या व्यवसायाला त्याने बसलेला फटका जबर होता आणि त्या दिवसांचे गोडवे गाणं बरोबर नाही. कित्येक घरांनी त्या लग्नांत जवळची माणसं नसल्याचं दुःख सोसलं. तरी हॉलची मांडणी, जेवणाची पद्धत, वेळापत्रक हे सगळं काही आठवड्यांत बदलू शकतं, हेही तेव्हाच दिसलं.

यावर कोणी म्हणेल, मग सरळ माणसंच कमी करा की. २०२५ मध्ये पुण्यात आणि अहिल्यानगरला मराठा समाजाच्या बैठकांनी लग्नाची आचारसंहिता ठरवली, तिच्यात पाहुण्यांच्या संख्येला आवर घालण्याचा आग्रह होता. हुंडा आणि कर्जबाजारी थाट यांच्याविरुद्ध समाजाने आपणहून उभं राहणं फार मोलाचं आहे, आणि खर्चाबाबत ती मंडळी बोलतात ते खरंच आहे. पण संख्येबाबत माझं मत थोडं वेगळं आहे. अमेरिकेत अँड्र्यू फ्रान्सिस आणि ह्यूगो मायलॉन या अर्थशास्त्रज्ञांनी तीन हजारांहून अधिक विवाहितांची आणि घटस्फोटितांची पाहणी केली. लग्नावर जास्त खर्च केलेल्यांत घटस्फोटाचं प्रमाण जास्त आढळलं, पण लग्नाला जास्त माणसं आलेल्यांत ते कमी आढळलं. एकामुळे दुसरं घडतं असं यातून सिद्ध होत नाही, आणि अमेरिकेतलं लग्न वेगळं, आपलं वेगळं. तरी निदान एवढं म्हणता येतं, की खर्च आणि माणसं या दोन गोष्टी एकाच तराजूत घालू नयेत. पुण्यात शिकायला किंवा नोकरीला येऊन इथेच स्थिरावलेल्या घरांची माणसं लातूर, जळगाव, कोल्हापूर अशी पसरलेली असतात. ती सगळी एका छताखाली येण्याचे प्रसंग थोडे, आणि रिसेप्शन त्यातला एक. म्हणून माणसं येऊ द्यावीत. ती आल्यावर त्यांची भेट खरोखर व्हावी, एवढंच मागणं आहे.

आता हे जमायचं कसं? सहाशे माणसं एकदम येत नाहीत, सात ते दहा अशी येत-जात राहतात. दहा-दहा जणांची टेबलं मांडली तर रात्रभरात साठ टेबलांची ऊठबस होईल, आणि एका वेळी वीस-पंचवीस टेबलं पुरतील. प्रत्येक टेबलाशी जोडपं दोन मिनिटं थांबलं तर एकशेवीस मिनिटं लागतात. जोडपं सातला तयार असेल, तर उरलेल्या तासातला अर्धा घरच्यांच्या आणि जवळच्यांच्या स्टेजवरच्या फोटोंना, अर्धा नवरा-नवरीच्या बसून जेवण्याला. कोणी हिशेब करून सांगेल, की साठ सेकंद चौघांना म्हणजे माणशी पंधरा आणि दोन मिनिटं दहांना म्हणजे माणशी बाराच, मग फायदा कुठे झाला? फायदा असा, की स्टेजवरचा बहुतेक वेळ चढण्या-उतरण्यात आणि नीट उभं राहण्यात जातो, टेबलाशी तो सगळा बोलण्यात जातो. शिवाय एका टेबलावर बसणारी माणसं बहुधा एकाच गोतावळ्यातली असतात. नवऱ्याच्या ऑफिसातली, नाहीतर आईच्या माहेरची. त्यांच्याशी एकत्र बोलता येतं, एक आठवण निघाली की दुसरा ती पुरी करतो. नवरीच्या मनात ते टेबल ‘आत्याच्या सासरचं टेबल’ म्हणून वेगळं राहतं. एकसारखेपणा मोडला की आठवणीला खुंटी मिळते.

गर्दीत दागिने, गोंधळ, कोणी राहून गेलं तर रुसवा, ही तुमची भीती खरी आहे. तिला आपल्याच लग्नात एक उपाय आहे. करवली. पाण्याचा करा आणि दिवा घेऊन नवऱ्या-नवरीच्या सोबत चालणारी ती बहीण. आज रिसेप्शनमध्ये तिला स्टेजच्या मागे पाकिटांची पिशवी धरून उभं केलेलं असतं. तिला पुढे आणा. दोन्हीकडच्या करवल्या आणि घरातलं एक जाणतं माणूस जोडप्याबरोबर चालले, कोण कोण आहेत ते सांगत गेले, कोणतं टेबल राहिलं याची खूण ठेवत गेले, तर कोणी चुकणार नाही. पाकिटांसाठी दाराशी कुलपाची पेटी ठेवावी. फोटोग्राफरही मागोमाग चालेल, आणि हसून बोलत असलेल्या काकूंचा फोटो अटेंशनमध्ये उभ्या केलेल्या काकूंपेक्षा वाईट येणार नाही. याहून मोठी गोष्ट म्हणजे वृद्ध माणसं. पुण्याच्या लग्नात सत्तरीपुढची मंडळी पुष्कळ असतात, गुडघे दुखणारी, काठी घेऊन आलेली, व्हीलचेअरवरची. चार-पाच उंच पायऱ्या आणि बऱ्याचदा कठडाही नाही. त्यांच्यातले कित्येक जण खालीच बसून राहतात, नातवाला वर पाठवतात, आणि ज्यांचा आशीर्वाद सगळ्यात आधी घ्यायचा ती आजी फोटोतही नसते आणि भेटीतही नसते. जोडपं खाली आलं तर हा अन्याय कुठलाही जादा पैसा न खर्चता दूर होतो.

तुमच्या धंद्याचं काय, हा प्रश्न मी टाळत नाही. हॉलचं भाडं तेच राहील, ताटांची संख्या तीच राहील. फुलांच्या भिंतीचं काम थोडं कमी होईल, तिथे सजावटकाराचं नुकसान आहे हे खरं. त्यातलं काही टेबलांच्या सजावटीत भरून येईल, सगळं येईल असं मी म्हणत नाही. वाढप्यांचं काम वाढेल, कारण मांडून ठेवलेल्या बुफेपेक्षा टेबलांकडे लक्ष जास्त द्यावं लागतं. त्याचे दर तुम्ही लावा. लोक त्यासाठी पैसे मोजतील, कारण उभ्याने ताट सांभाळत, खुर्ची शोधत जेवण्याला पाहुणेही कंटाळले आहेत. आणि ‘पालक मागतात तेच आम्ही देतो’ या म्हणण्याबद्दल एवढंच सांगतो, की पालकांनी जे पाहिलेलं असतं तेच ते मागतात. एका कार्यालयात दुसरी मांडणी पाहिली तर पुढच्या हंगामात ती मागणारे निघतील. काही जोडप्यांना स्टेज मनापासून हवं असतं, त्या दिवशी सगळ्यांनी आपल्याकडे बघावं असं वाटतं. त्या इच्छेत गैर काहीच नाही. त्यांना अर्धा तास वर उभं राहू द्या, नाव पुकारून, वाजतगाजत येऊ द्या. पण उरलेले अडीच तास त्यांना तिथे अडकवून ठेवू नका.

शेवटी जेवण. दहा वाजता गाणी थांबतात, पाहुणे पांगतात, आणि साडेदहाच्या सुमारास नवरा-नवरीला टेबलाशी आणलं जातं. तोवर केटररची माणसं टेबलांवरची कापडं घड्या करायला लागलेली असतात, पुऱ्या गार झालेल्या, आइस्क्रीमचं पातळ दूध झालेलं. घास भरवताना फोटो काढायचा राहिला म्हणून पहिला घास दोनदा उचलावा लागतो. ज्या अन्नासाठी महिनाभर चव घेऊन बेत ठरवला, ते त्या दोघांनी गरम कधी खाल्लंच नाही, असं घरोघरी ऐकू येतं. हे सगळ्यात सोपं आहे, यासाठी हॉलही बदलायला नको. साडेआठला एक टेबल राखून ठेवा, दोन्हीकडच्या आई-वडिलांसह, आणि अर्धा तास तिथे कोणालाही फिरकू देऊ नका.

चातुर्मासात तुमच्याकडे मुहूर्त थोडे असतात. रंगरंगोटी, दुरुस्त्या तेव्हाच निघतात. यंदा त्या कामात स्टेजच्या पायऱ्या मोजा, आणि तुळशीच्या लग्नापर्यंत त्या एका पायरीवर आणता येतील का ते सुताराला विचारा. बुकिंगच्या अर्जावर भाडं, अनामत, ताटं, पार्किंग यांच्या रकान्यांखाली आणखी एक रकाना छापा: वधू-वर जेवायला किती वाजता बसतील?

आपला,
एक पुणेकर